लायसन विकणे आहे

३ जून
ठरलं. मुलाच्या कॉम्प्युटरातलं भरतकामाचं सॉफ्टवेअर विकून टाकायचं. शनिवारच्या आत. तो थंडीत गेला. त्याच्या चपला मी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकल्या, मग हे कशाला सांभाळायचं?

सून रोज सकाळी भरतकामाचं मशीन बंद ठेवून त्या पडद्यासमोर बसते. उठते तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणते, काही नाही आई, बघत होते. बघायला आहे काय त्यात? फुलं आणि अक्षरं. रडायची जागा करून ठेवलीय नुसती. जागाच काढली की रडणं आपोआप बंद. दुखरा दात उपटावा, कुरवाळू नये.

मी रडत नाही. एकदा डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मशीनच्या तेलाने.

४ जून, दुपारी
सून माल पोचवायला गेली. नात शेजारी खेळायला. खोलीत मी एकटी.

भरतकाम करणाऱ्यांचा इंटरनेटवर फोरम आहे. म्हणजे कट्टाच, फक्त चहा नाही. मुलगा मशीनवरून उठला की तिथे जाऊन बसायचा. त्याचं खातं उघडंच आहे. तिथे त्याचं नाव ‘उलटा टाका’. मी चांगलं नाव ठेवलं होतं, पण माझं ऐकलं कधी?

चौथी शिकलेली असले तरी एका बोटाने लिहिता येतं. खरेदी-विक्रीच्या पानावर टाकलं: सॉफ्टवेअर विकणे आहे, लायसनसकट, अस्सल, कमी वापरलेलं. खातं त्याचं, म्हणून त्याच्याच नावाने लिहिलं.

भराभर उत्तरं आली. भाव एकानेही विचारला नाही. अरे उलट्या, होतास कुठे? एकाने तर विचारलं, जिवंत आहेस ना रे? पुढे हसायचं चित्र.

मी लिहिलं, आहे. धंद्यात एवढं चालतं.

६ जून
जाहिरात गायब! तिथे एक मॉडरेटर आहे. मी त्याला फौजदार म्हणते. त्याने काढली. म्हणे नियम आहे: लायसन ज्याच्या नावावर, त्यानेच विकायचं, आणि कंपनीची परवानगी दाखवायची.

मी चांगलं सुनावलं. तांब्या मोडीत घालताना कोणी तांबटाची परवानगी घेतं का? शिलाई मशीन विकलं तेव्हा कंपनीचा माणूस आला होता का दारात? पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली. बाजारात फौजदार कशाला? लोकांना डोळे नाहीत?

रण पेटलं. निम्मे माझ्या बाजूचे. एकाने लिहिलं, शाब्बास उलट्या, आमच्या मनातलं बोललास. निम्मे फौजदाराचे. एकीने लिहिलं, मी इथूनच लायसन घेतलं होतं, विकणाऱ्याने तेच तिघांना विकलं होतं, महिनाभरात बंद पडलं, माझा धंदा बुडाला. मी तिला विचारलं, घेताना डोळे गहाण ठेवले होते का? ती गप्प झाली. खरं बोललं की लोक गप्पच होतात.

फार दिवसांनी दुपार बरी गेली.

९ जून
शनिवार गेला. विकलं नाही. घाईने केलेला सौदा बुडीत जातो. आता पुढचा शनिवार.

तिथे ‘बॉबिन’ नावाची एक बाई आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरी जुनं मशीन घेतलंय, सॉफ्टवेअर हवंय. तिने सगळ्यांच्या नजरेआड, खासगीत विचारलं, भाऊ, अक्षराच्या कोपऱ्यात कापड गोळा होतं, काय करू? मी सांगितलं, खाली अस्तर लाव आणि दोरा सैल सोड. इतकी वर्षं मुलाच्या मागे बसून मी काय माश्या मारत होते? ती म्हणाली, तुम्ही पूर्वीपासून असंच नीट समजावता.

जेवायचं राहून गेलं. भूक नव्हती.

नातीने पकडलं. आजी, बाबांच्या कॉम्प्युटरवर काय करतेस? म्हटलं, धूळ पुसते. म्हणाली, रोज?

नाक बापाचं आणि चौकशा आईच्या.

१२ जून
जाहिरात गेली तरी खासगीत विचारणारी गिऱ्हाइकं खूप, पण एक धड नाही. एकाने घासाघीस केलीच नाही, म्हणजे चोर. दुसऱ्याने फार केली, म्हणजे कंगाल. तिसऱ्याने ‘तू’ न म्हणता ‘तुम्ही’ म्हटलं, म्हणजे मुलाला ओळखत नव्हता. अनोळखी माणसाला का द्यावं?

सून म्हणाली, आई, दुपारी कॉम्प्युटर गरम कसा लागतो? म्हटलं, उन्हाळाच आहे. ती बघत होते बघत होते करत परत बसली. डोळे लालच. मी ठरवलंय ते किती बरोबर आहे बघा.

१५ जून
फौजदार म्हणतो, उलट्या, जाहिरात परत लावतो, पण एकदा व्हिडिओवर ये. तोंड दाखव, लायसन तुझंच आहे एवढं सांग. मी लिहिलं, कॅमेरा बिघडलाय. म्हणे, मग फोन कर. लिहिलं, घसा बसलाय. म्हणे, तू पूर्वी असा नव्हतास, काही झालंय का, आम्ही आहोत.

नको तिथे नाक. पोलिसी करायची आणि वर माया दाखवायची.

त्याला उत्तर लिहायला मात्र अख्खी दुपार गेली. पाठवलं नाही.

१७ जून
विकलं! फोरमवर नाहीच. बॉबिनला खासगीतच दिलं. मुलाने पासवर्ड मशीनच्या पोटाला चिकटपट्टीने लावून ठेवला होता, तोच धाडला. तिने पैसे पाठवले. ना फौजदार, ना परवानगी. बसा म्हणावं आता शिट्टी फुंकत.

बॉबिन म्हणाली, भाऊ, तुमच्या रूपाने देव भेटला.

आता सुनेचं रडणं बंद. कारभार हातात असला की असा चालतो.

१९ जून
सून किंचाळली. सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर लाल अक्षरं: एका लायसनवर दोन ठिकाणी वापर, खातं गोठवलं आहे.

मी शांतपणे म्हटलं, बरं झालं, रडणं थांबेल. ती म्हणाली, कसलं रडणं? मी शिकत होते आई. चित्रावरून मशीनसाठी टाके पाडायला, हे करायचे ना, तेच. एका शाळेच्या बॅजचं काम मिळालंय, पहिलं. उद्या नमुना दाखवायचाय. डोळे? तासनतास त्या पडद्याकडे बघून तुमचे होणार नाहीत का लाल?

शिकत होतीस तर तोंडाने सांगायचं, म्हटलं. ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बायकांचं काम नाही ते.

असेन म्हणाले. मला आठवत नाही.

सुनेने सगळं वदवून घेतलं आणि बॉबिनचे पैसे परत करायला लावले. माझ्यासमोर उभी राहून, बटण दाबेपर्यंत.

२० जून
नमुना गेला नाही. शाळेने काम दुसऱ्याला दिलं.

फौजदाराला लिहिलं, बॉबिनला विकलं होतं, पैसे परत केलेत, आता कंपनीला सांगून खातं सोडवून दे. तो म्हणाला, लायसनवाल्याने स्वतः बोलावं लागेल. उलट्या, आता तरी बोल.

एक बोट, आणि अक्षरं सापडेनात. शेवटी लिहिलं: तो गेला. थंडीत. मी त्याची आई.

 मग फौजदाराने लिहिलं, काकू, असं असेल अशी धास्ती होतीच. म्हणून फोन करायला सांगत होतो. माणूस गेला तर कंपनी लायसन बायकोच्या नावावर करून देते, मृत्यूचा दाखला दिला की झालं. आम्ही इथल्या आणखी दोघांची करून दिली आहेत. वहिनींचं सहज झालं असतं. पण एकदा बाहेर विकलेलं सापडलं की कंपनी कायमचं रद्द करते. आता आमच्या हातात काही नाही.

मी लिहिलं, हे नियमात लिहायचं होतं. तो म्हणाला, त्याच नियमाच्या खालच्या ओळीत आहे.

खालची ओळ बारीक अक्षरात आहे. बारीक अक्षरात चोर लिहितात.

बॉबिनने एवढंच विचारलं, कोपऱ्यातल्या टाक्याचं सांगितलं ते कोणी? मी लिहिलं, मी. तिचं पुढे काही आलं नाही.

२१ जून
मुलाचं खातं फोरमने बंद केलं. त्याच्या नावाखाली सगळ्यांनी लिहिलंय. कोणाला त्याने रात्री उठून मदत केली होती, कोणाला सुया पाठवल्या होत्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात मागितला तर पाण्याचा पेला देत नव्हता.

वाचता येतं, पण खाली उत्तर लिहायची जागा नाही.

२६ जून
सून कारखान्यात लागली. शर्टाच्या कॉलरी. सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी अंधारात येते. माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं, तोंड तरी चाललं असतं. मशीनवर चादर घातलीय. जेवढ्यास तेवढं बोलते: भात आहे, दूध तापवलंय, हिला शाळेत सोडा.

काही बिघडलं नाही. पगार ठरलेला असतो. एका अर्थी माझ्यामुळे घराचं भलंच झालं. हे तिला हळूहळू पटेल.

२ जुलै
फोरमवर माझं स्वतःचं खातं काढलं. फौजदाराने लगेच मंजूर केलं, म्हणजे मन खातंय त्याला. मोठा मजकूर टाकला, माझ्या नावाने: विकण्या-घेण्यावर पोलिसी नको, नियमांपायी गरिबांची घरं बसतात, खालच्या ओळी वर आणा. तीन दुपारी लागल्या लिहायला. मागच्या वेळेला रण पेटलं होतं, आता तर आग लागेल.

५ जुलै
एकही उत्तर नाही. मजकूर लांब आहे, वाचायला वेळ लागत असेल.