फळी सरळच आहे

शनिवार, ९ ऑगस्ट. सकाळी.
मोटारीमागे जोडायच्या आमच्या कॅरव्हॅनमध्ये माझ्या हातचं: वरखाली दोन झोपायचे बाक, घडीचं टेबल, संडासाच्या दाराची कडी. आणि यंदाच्या हिवाळ्यात केलेली कपांची फळी. ओकची. तिच्यातच पाणसळ बसवली आहे. बुडबुडा मधोमध आला की गाडी समतल. कुठल्याच कारखान्याला हे सुचलेलं नाही. मला सुतारकाम कुणी शिकवलं नाही. लायब्ररीतली पुस्तकं, आणि डोकं.
बायकोची अट: या सुट्टीत, या डब्यात, एक रात्र तरी धड झोप. नाहीतर डबा विकायचा, आणि पुढच्या वर्षी ती तिच्या बहिणीबरोबर टेनेरिफ बेटावर. हॉटेलात.
एक रात्र? ग्लेनिस सातही रात्री घोरेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
डेव्हन. मुक्काम टकेटबाईंच्या शेतात. गाडी मागे घेताना शेजारच्या कॅरव्हॅनमधला नॉरिस खुर्ची आणि चहा घेऊन बघायला बसला. त्याची बायकोही. मदत करू का, म्हणाला. नको म्हटलं. कुंपण आधीपासूनच मोडकं असावं.
डाव्या चाकाखाली तीन ठोकळे. बुडबुडा मधोमध. नॉरिस म्हणे, "लेनर्ड, डावीकडे जरा चढ नाही का वाटत?" मी बुडबुडा दाखवला. तो चहाकडे वळला. पुराव्यापुढे काय बोलणार!

रविवार.
ग्लेनिस दोनदा जमिनीवर. कूस फार बदलते.
जेवताना ब्रायनी म्हणाली, "बाबा, वाटाणे सगळे उजवीकडेच का पळतात?" सोळाव्या वर्षी मुलींना काहीही प्रश्न पडतात. इकडचे वाटाणे जास्त गोल असतात, असं सांगितलं.

सोमवार.
नॉरिसने स्वतःची पाणसळ आणून आमच्या डब्यातल्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा पार टोकाला. मी विचारलं, तपासून कधी घेतली होतीस? पाणसळ उचलून निघून गेला. विकतच्या वस्तूंचं हे असं.
फळीवरचा बुडबुडा केसभर हललेला दिसला. चौथा ठोकळा घातला.

मंगळवार.
पाऊस. ब्रायनीने स्वतःला पट्ट्याने बाकाला बांधून घेतलं. ग्लेनिस मोटारीत बसून झोपली. झोप ती झोप, म्हटलं. "मोटार म्हणजे डबा नव्हे, लेन." शब्दशः बरोबर आहे. पण वृत्ती बघा.

बुधवार.
ब्रायनीने शाळेची पट्टी लावून मोजलं. छतापासून फळीचं डावं टोक उजव्यापेक्षा इंचभर खाली. म्हणजे छत वाकडं. छत कारखान्याचं, फळी माझी. चूक कुणाची ते उघड आहे.
ग्लेनिस म्हणाली, "लेन, काढ ना रे ते ठोकळे. मी कुणाला सांगणार नाही." आवाज मऊ होता. पण ठोकळे काढले तर फळी तिरकी होईल. काहीतरी तत्त्व हवं की नको?
नाही काढले.

गुरुवार.
दोघी टकेटबाईंच्या वरच्या खोलीत राहायला गेल्या. ग्लेनिस दहापर्यंत झोपली, ही बातमी नॉरिसने न विचारता दिली. मग तिने तिथल्याच फोनवरून बहिणीला टेनेरिफचं पक्कं कळवलं. दोघी बहिणींचंच.
मी एकटा अगदी व्यवस्थित झोपलो. भिंतीला टेकून.

शुक्रवार.
सकाळी वरच्या बाकावर दोन कोंबड्या. एक अंडं. घरंगळत उजव्या कडेला आलं आणि मी बसवलेल्या काठाशी अलगद थांबलं. काम बघा!
टकेटबाई कोंबड्या न्यायला आल्या. मागे ग्लेनिस, बॅग भरून. बाईंनी वाकून आत पाहिलं. अंड्याकडे बराच वेळ. मग म्हणाल्या, "माझ्या राजा, खुराड्याला असाच उतार हवा होता मला. अंडी आपोआप एका कडेला जमतात, कोंबड्या तुडवत नाहीत." (इकडे पोस्टमनलाही राजा म्हणतात.) विकणार का, म्हणाल्या. ग्लेनिस "हो" म्हणाली. मी तिच्या आधी "नाही" म्हणालो. निदान एकदमच.
त्यांनी आकडा सांगितला. मी साफ नकार दिला. नोंद असावी म्हणून लिहितो: फळीसकट साठ पौंड. फळी मी काढून नेली तर पासष्ट.