खोटं लंगडणारी घोडी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (लांबूनच. अंगाला तबेल्याचा वास येतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला गेला असेलच, तुझ्यापुढे टिकतंय कोण.

मी मागच्या पत्रात बेकरीत होतो, ती सुटली. पाव पोचवायला निघालो तर वाटेत एक घोडागाडी उभी. घोडी माझ्याकडे बघत होती, मी घोडीकडे बघत राहिलो, तेवढ्यात तिने पाव खाल्ले. गाडीवाले बाबा म्हणाले, "सवय लावलीस, आता रोज चारायला तूच ये." तेव्हापासून इथेच आहे.

बाबा लोकांना बागेभोवती फिरवून टेकडीवर नेतात. चढावर घोडीची दमछाक होऊ नये म्हणून त्यांनी तिला एक विद्या शिकवली आहे. मानेवरून हात फिरवून "अगं बिचारी" म्हटलं की तिने लंगडायचं. गाडीतली माणसं पाघळतात, उतरून चालायला लागतात आणि वर पोचल्यावर तिला बिस्किटं देतात. (एकदा एक गृहस्थ मागून गाडीच ढकलायला लागले. त्यांचा सदरा फार झकास होता, पण ते राहू दे.)

आता नगरपालिकेने नियम काढलेत. भर उन्हात गाडी जुंपायची नाही, पाणी हवं, सावली हवी. बाबा म्हणाले, "मी जन्मभर हेच करतोय, यांना आज सुचलं." पण पुढचा नियम ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जनावरांचे डॉक्टर तपासणार, आणि जनावर लंगडं निघालं तर गाडी बंद, घोडी गावाबाहेरच्या निवाऱ्यात. बायको गेल्यापासून बाबांना या घोडीखेरीज कोणी नाही गं. झोपतातसुद्धा तिच्या शेजारी.

तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. स्वभावाने मायाळू, तेच नडलं. आल्या आल्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं बिचारी." झालं.

"बाई, ती नाटक करतेय," बाबा म्हणाले.

"घोडी?"

"मीच शिकवलंय."

"लंगडायला?"

बाईंनी तिला थोपटून पुन्हा चालवली, तर या खेपेला ती दुसऱ्या पायाने लंगडली. बाई हळहळून म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही गेलेत." सोमवारी पुन्हा तपासणी आहे. तेव्हा लंगडली तर तिथूनच नेणार.

आता आम्ही ती विद्या पुसायला बसलोय. मी "बिचारी" म्हणतो, ती लंगडते, मी बिस्किट देत नाही. मग ती जास्त मन लावून लंगडते, आणि माझी पाठ वळली की बाबा बिस्किट देतात. मी चिडलो तर म्हणाले, "इतकी वर्षं चोख काम केलंय तिने. आता मजुरी कापू?" मला रडू येतं, पण ते बघून ती आणखी लंगडेल म्हणून आवरतो.

तुझा,
बिनकामाचा भाचा

ता. क. खरं काम असं की तू दोन दिवस येशील का? डोळ्यांत जराही कीव न आणता हात फिरवणारं आपल्या घराण्यात तुझ्याइतकं कोणी नाही. (हे कौतुक आहे.)

ता. क. पुन्हा एकदा. येऊ नकोस. आज सकाळी मी गवताच्या गंजीमागे होतो, बाबा बाहेर दाढी करत होते. घोडी एकटीच उठून पाण्याकडे गेली. लंगडत. बघायला कोणी नव्हतं, बिस्किटही नव्हतं. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. आत्या, तुझ्या घरामागची पत्र्याची शेड रिकामी आहे का? एक घोडी आणि एक म्हातारा मावले म्हणजे झालं. माझं काय, मी कुठेही पडेन.