जावई असल्याचा पुरावा

घरकुल वसाहत, शहापूर
दि. १९ मार्च २००८

आदरणीय इवाईबुवा ईश्वरजी यांना केशवरावाचा सप्रेम जयभीम.

इकडे वच्छला, मी आणि माझा गुडघा असे तिघेही ठीक आहोत. विहीणबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं का? निघालं असेल तर दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवून घ्या. पहिल्याने फार लवकर काढलं असेल तर त्यात त्याचा काहीतरी हेतू असणार. भावना तिथे राहून त्यांची सेवा करते आहे हे ऐकून बरं वाटतं. (खरंच करते ना? आपल्या सुनेबद्दल शंका नाही, माझ्या मुलीबद्दल विचारतो आहे.) हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण आमच्या घरांच्या भिंती एका विटेच्या, आणि मी फोन उचलला की शेजारच्या जनाबाई आपला टीव्ही बंद करतात.

तर झालं असं. आमच्या वसाहतीचा नियम आपल्याला माहीत आहेच. घरकुल दहा वर्षं विकायचं नाही आणि त्यातली एक खोलीसुद्धा भाड्याने द्यायची नाही. घरात राहील तो मालकाच्या नात्यातला. हा नियम लागल्यापासून चोवीस घरांच्या या वसाहतीत इतके नातेवाईक प्रकट झाले आहेत, की भंडारा जिल्हा फुटल्यावर अर्धे सोयरे गोंदियाकडे गेले यावर कोणाचा विश्वास बसू नये. नऊ नंबरवाल्याने तर घर विकूनच टाकलं आणि घेणाऱ्याला मेहुणा म्हणून आत बसवला. मी सव्वीस वर्षं एसटीत तिकिटं तपासली. गच्च भरलेल्या गाडीत विनातिकीट कोण बसला आहे ते मला मानेवरून कळायचं. नात्याचंही तसंच आहे. बारा नंबरातली बाई एकाला भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून सांगते. पण त्याच्यासमोर तिने एकदाही डोक्यावर पदर घेतला नाही, उलट नळावर त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन भांडली. जनाबाईंकडे त्यांच्या नवऱ्याचा भाचा राहतो म्हणे. तो जेवल्यावर आपलं ताट आपण घासतो! आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याला कोणी राखेत हात घालू देईल का? मी हे सगळं नीट लिहून काढलं, ‘खरा नातेवाईक ओळखण्याच्या खुणा’ असं वर नाव घातलं आणि चार पानी अर्ज सहीनिशी कचेरीत दिला. तिथे अर्ज कोणी वाचत नाही अशी माझी समजूत होती.

गेल्या गुरुवारी पडताळणीचे साहेब आले. हातात माझाच अर्ज, आणि सुरुवात (याची मला कल्पना द्यायला हवी होती) अर्जदाराच्याच घरापासून. त्या वेळी आपले चिरंजीव आणि माझे जावई अंकुशराव दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन नळावरून येत होते. मी खुर्चीवर बसलो होतो. घरात खुर्ची एकच आहे. साहेबांनी विचारलं हा कोण, मी म्हटलं जावई. साहेबांनी अर्जाचं तिसरं पान काढलं. तिथे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, की जावई ओळखणं सर्वांत सोपं: तो सासऱ्याच्या घरी पाणी भरत नाही, पहिलं ताट त्याचं असतं आणि त्याचं अंथरूण पडवीत नसतं. साहेबांनी बादल्या पाहिल्या. पडवीतली सतरंजी पाहिली. मुलगी कुठे आहे विचारलं, मी आसगावला सासरी म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, “म्हंजे पोरगी बी सासरी, जावई बी सासरी? केशवराव, असा जावई मी अख्ख्या जिल्ह्यात नाही पाह्यला जी. भाडं किती घेता?”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी अंकुशरावांनाच विचारलं, की हे तुमचे कोण लागतात. अंकुशरावांनी बादल्या खाली ठेवल्या आणि ते म्हणाले, “त्यायलेच इचारा जी.” झालं. तीन आठवड्यांत नातं सिद्ध करा, नाहीतर घरकुल रद्द, अशी नोटीस माझ्या हातात पडली.

आता आपल्यापासून काय लपवायचं? हायवेवरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून ते सहा महिन्यांपूर्वी बॅग घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की घराला नऊ वर्षं झाली, दहावं सरलं की विकता येतं, आणि हा माणूस अगदी वेळेवर आला. एकुलती एक मुलगी, तिचा नवरा, शंका येणारच. मग मी ठरवलं, की यांना इथे फार बरं वाटू द्यायचं नाही. पाणी भरायला सांगितलं, ते नाही म्हणाले नाहीत. त्यामुळे संशय अधिकच वाढला, कारण ज्याच्या मनात काही नसतं तो एकदा तरी नाही म्हणतो. पडवीत झोपायला सांगितलं, तर म्हणाले इथे हवा चांगली येते. डिसेंबर महिना होता. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, ईश्वरजी. आणि घर गेलं तर या वयात वच्छलाला घेऊन कुठे जायचं, तेही सुचत नाही.

तरी कृपा करून लग्नाची पत्रिका, लग्नातला एखादा फोटो (ज्यात मी त्यांच्याकडे पाहत असेन असा; आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत मी आहेर मांडलेल्या टेबलाकडे पाहतो आहे) आणि भावनाला घेऊन रविवारी यावं. विहीणबाईंना जपा.

आपला,
केशवराव

ता. क. : नोटीस आल्यापासून खुर्ची अंकुशरावांना दिली आहे. काल वच्छलाने कोंबडी केली आणि पहिलं ताट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब आले का?” मी नाही म्हटलं. तेव्हा ते उठून पाणी आणायला गेले.

दुसरा ता. क. : पत्रिका नाही आणली तरी चालेल, माझ्याकडे तीन आहेत. खरी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी भंडाऱ्यात भाड्याची खोली पाहून ठेवली आहे आणि एक तारखेला जाणार आहेत. वच्छलाला म्हणाले, “माह्यापायी तुमचं घर नको जायले.” ते गेले की नोटीस मिटेल, असं साहेबांनीही सुचवलं आहे. म्हणजे घर वाचतं. पण मला तसं वाचलेलं नको आहे. आपण बाप आहात, आपण त्यांना राहायला सांगा. मी सांगितलं तर ते दाराकडे पाहतील.

तिसरा ता. क. : चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. आत्ता ते आले, पाकिटावरचं आपलं नाव वाचलं आणि हात पुढे करून म्हणाले, “द्या बाबा, मी टाकतो पेटीत.” सहा महिन्यांत त्यांनी मला कशानेच हाक मारली नव्हती. मी ताबडतोब उठून बाहेर जाऊन पाहिलं. दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं.