धोंड्यांची आखाजी

३ एप्रिल ८८
एरंडोलपुढे नानांच्या वावरात पुन्हा जाऊन आलो. धोंड्यांचं वर्तुळ जागेवर आहे, एवढंच समाधान. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी आपलं माणूस पुरून भोवती कमरेएवढे काळे धोंडे उभे केले. नाना त्यांवर धोतर वाळत घालतात. "आखाजी व्हयनी का काढी टाकसू. कपाशी लावनी शे." म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की धोंडे जाणार. वर आग्रहाने चहा. असल्या चहाचा संताप येतो.

५ एप्रिल
कॉलेज. विभागप्रमुखांना म्हटलं, सरकारी लोकांना बोलवा, धोंडे वाचवा. "परीक्षा आटोपू द्या हो." यांचं इतिहासप्रेम पेपर तपासण्यापलीकडे गेलेलं पाहिलं नाही. निघताना, "फोटो काढाल तेव्हा मला घ्या." गाढव!

१० एप्रिल, रवि.
नानांना स्पष्ट सांगितलं, हे थडगं आहे, खाली माणूस आहे. वाटलं, भुताला तरी भितील. तर, "मंग लवकरच काढाले पाहिजे!" माझ्या हुशारीचा फज्जा. चुलीपाशी त्यांची बायको, अक्का, ऐकत होती. "यासले पानी कोन देस?" पाणी कसलं, मला कळलंच नाही. बस गाठायला उठलो.

१९ एप्रिल, आखाजी
ट्रॅक्टर लागण्याआधी एकदा पाहून घ्यावं म्हणून गेलो. वर्तुळात पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. घरच्या पितरांची घागर घरात, ही दुसरी यांच्यासाठी! म्हटलं, "अक्का, हे तुमचे कुणी नव्हेत. तुमचं गावसुद्धा नव्हतं तेव्हा."
"आमना वावरमा शेतस ना? मंग आमनाच."
कपाळ! पण नानांनी ट्रॅक्टर परत पाठवला. घागर भरली म्हणजे पितर झाले. "पितरसले कोन हालवस?"
आनंद झाला. खूप झाला. आणि चीडही आली. माझी वर्षभराची बडबड फुकट, एका डांगराने काम केलं.

२४ एप्रिल, रवि.
आनंद पाच दिवस टिकला. नानांनी सिमेंट आणून ठेवलंय. वर्तुळाच्या मधोमध पितरांचा चौथरा, वर पत्रे, धोंड्यांना ऑइल पेंट. उद्या पाया खणणार, नेमका जिथे कुदळ लागू नये तिथे. मूर्खांचा बाजार नुसता. विभागप्रमुख यायला तयार, कॅमेऱ्यासकट. आता परीक्षा आड येत नाही.
पहिला नारळ म्हणे मीच फोडायचा. पितर मी दाखवून दिले ना!
अक्काला बाजूला घेऊन विनवलं. खरंच हात जोडले. खणू नका, खाली माणूस आहे.
"तेच तर, सर. त्यासले सावली नको का?"
इतक्या मायेने म्हणाली, की तोंडात आलेली शिवी गिळली.
येताना एरंडोलला उतरलो. नारळ घेतलाय. फोडायचा की कुदळीपुढे आडवं पडायचं, उद्या बघू.