नॉर्मन ऑल्ड्रॉइडच्या नावाची खुर्ची

मी, नॉर्मन अर्नेस्ट ऑल्ड्रॉइड, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय प्लंबर, आता निवृत्त, राहणार २७ क्विल्टर स्ट्रीट, हेदरशॉ, यॉर्कशायर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदांवर लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. मला कोणी धाक वा लालूच दाखवलेली नाही. दडपण म्हणावे तर फक्त वकीलबाई मिस ग्रीनवुड यांचे आहे, कारण त्यांच्या मते माझे मृत्युपत्र दीड पानात बसते. त्यांनी केलेले दीड पान मी वाचले. त्यात घर होते, बँक होती, बाकी कोणीच नव्हते. म्हणून मजकूर माझा, आणि तो कायदेशीर ठेवण्याची जबाबदारी त्यांची, असे आमचे ठरले आहे.

कलम १. एप्रिल २०११ मध्ये मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात मी सगळी मिळकत 'डायर्स लेन वाचवा' या फुटबॉल मैदानासाठीच्या समितीला दिली होती. त्या समितीचा अध्यक्ष मी होतो, चिटणीस मी होतो आणि शेवटी शेवटी सभासदही मी एकटाच होतो. ते मृत्युपत्र रागाने केले होते. हे वैतागाने करीत आहे. दोन्हींत फरक आहे.

कलम २. राहते घर, आतल्या सामानासह, माझी एकुलती एक मुलगी जॅनिस हिला मिळावे. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी. अट एकच: या घरात पाणी आणि खोल्या तापवायला थर्मोजॉय कंपनीचा बॉयलर बसता कामा नये. ही कंपनी इंटरनेटवरून बॉयलर विकते. तो बसवायला येणारा माणूस कुठल्या गावचा असतो ते कळत नाही, आणि बिघडला की कोणीच येत नाही. धंद्याची शेवटची काही वर्षे मी निम्मा वेळ त्यांचे बॉयलर काढून फेकण्यात घालवला. ही अट कायद्यात टिकणार नाही असे वकीलबाई म्हणतात. जॅनिसच्या मनात टिकली तरी मला पुरे.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पाने, पाइप कापायची यंत्रे, नळ्या वाकवायची स्प्रिंग आणि सांधे जोडायचा पितळी दिवा, हे सर्व गिलियन क्रॅबट्री हिला द्यावे. मी निवृत्त झाल्यावर माझी गिऱ्हाइके तिने घेतली आणि एकाचीही तक्रार माझ्या कानांवर आली नाही. मोठा पाना मात्र तिने जपून वापरावा. त्याच पान्याने मी सव्वीस वर्षे डायर्स लेनच्या मैदानावरच्या मुताऱ्यांची नळजोडणी चालू ठेवली. फुकट. हेदरशॉ टाऊन फुटबॉल क्लबने त्याबद्दल मला दर नाताळात एक पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाची भाजलेली कचोरी, दिला, आणि दोनदा तोही विसरले. मैदान पाडले तेव्हा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. दोन दिवस सगळी गल्ली पाण्याखाली होती. मी माझ्या खिडकीतून पाहत होतो. कोणी विचारले असते तर सांगितले असते.

कलम ४. क्लबचे अध्यक्ष मिस्टर फेअरब्रदर यांना मी काहीही देत नाही. नाव यासाठी लिहिले, की चुकून राहून गेले असे त्यांना वाटू नये.

२०११ च्या मार्चमध्ये या गृहस्थांनी जाहीर केले की डायर्स लेनची जागा घरे बांधायला विकली जाईल आणि क्लब बाह्यवळण रस्त्यापलीकडे, फर्निचरच्या गोदामाशेजारी, नव्या स्टेडियमात जाईल. त्याचे नाव थर्मोजॉय अरीना. शिवाय आमच्या गडद लाल सदऱ्यावर, छातीच्या मधोमध, कंपनीची नारिंगी हसरी ज्योत. माझ्या बापाने मला १९४६ साली खांद्यावर बसवून ज्या रंगाचा सामना दाखवला, त्या रंगावर बॉयलरची जाहिरात. तीही वाईट बॉयलरची.

समर्थकांचे मत घेण्यासाठी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. मी वीस मिनिटे बोललो. मला वाटले होते की सगळे गाव माझ्यामागे उभे राहील. पण पोस्टात काम करणारी एक बाई उठून म्हणाली, चांगला लेफ्ट बॅक खेळाडू मिळणार असेल तर मी छातीवर जुलाबाच्या औषधाचं नाव लावीन. दुसरा म्हणाला, नावाचं काय घेऊन बसलात, आपण त्याला काहीही म्हणू, पण तिथं बस जाते का ते आधी सांगा. तिसऱ्याला फक्त तिथे पोर्क पाय गरम मिळेल का याची चिंता होती. चाळीस वर्षे माझ्या शेजारी कठड्याला टेकून ओरडणारा ट्रेवर पिकल्स, निवृत्त बसचालक, समर्थक संघाचा प्रमुख, उभा राहिला आणि म्हणाला की छप्पर गळतंय, क्लब बुडतोय, पैसे घ्या आणि चला. मी त्याला सगळ्यांसमोर विकला गेलेला माणूस म्हटले. तो खाली बसला.

मग माझ्या बायकोने, मॉरीनने, हात वर केला.

इथे मला थोडे मागे जावे लागेल. मॉरीन आणि मी १९६२ पासून डायर्स लेनला एकाच जागी उभे राहत होतो. ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. पंचांबद्दल तिने वापरलेले शब्द मी या दस्तऐवजात लिहू शकत नाही. २००३ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि पाय गेले, बोलणे संथ झाले. डायर्स लेनला फाटकाआधी चौदा पायऱ्या. व्हीलचेअरसाठी कोपऱ्यातल्या निशाणाजवळ उघड्यावर तीन जागा, त्याही मागच्या गेटातून, मैदानाच्या चिखलावरून. एकदा नेले. ती सामनाभर भिजली आणि नंतर तीन आठवडे छाती भरलेली घेऊन पडून होती. त्यानंतर ती घरी रेडिओ ऐकू लागली. मी जात राहिलो. घरी येऊन तिला सगळा सामना सांगायचो, मिनिटामिनिटाचा. मला वाटायचे की त्यात सगळे आले.

त्या सभेला मी तिला आमच्या बाजूची म्हणून नेले होते. 'डायर्स लेन वाचवा' लिहिलेला फलक तिच्या मांडीवर होता. तो मीच ठेवला होता.

हॉल शांत झाला, कारण तिला एकेक शब्द शोधावा लागत असे. ती म्हणाली, "नॉर्मन म्हणतो, ते मैदान आपल्या सगळ्यांचं आहे. मी आठ वर्षं रेडिओ ऐकतेय. मला आत जायचंय."

एवढेच. मग तिने फलक उलटा करून मांडीवर ठेवला.

मते मोजली. आम्ही एकशे एक्केचाळीस, ते तीनशे बारा. मी तिची खुर्ची ढकलत घरी आणली. स्वयंपाकघरात किटली चढवताना विचारले, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तीनदा," ती म्हणाली. "तू दर वेळी स्कोअर सांगत होतास."

कलम ५. उपरोक्त ट्रेवर पिकल्स याने माझे गवत कापायचे यंत्र १९९८ साली दोन दिवसांसाठी नेले. ते आता कायदेशीररीत्या त्याचे झाले. जॅनिसने ते परत मागू नये.

तपशील असा. ऑगस्ट २०१३ मध्ये नवे स्टेडियम उघडले आणि मी तिथे पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली. मॉरीन म्हणाली, ठीक आहे. पहिल्या शनिवारी दारात ट्रेवरची गाडी उभी राहिली. तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने तिला गाडीत बसवले, खुर्ची घडी करून मागे टाकली आणि नेले. मी रेडिओ लावला.

अडीच हंगाम असे चालले. ती आत आणि मी रेडिओपाशी. संध्याकाळी ती मला सामना सांगायची आणि फार वाईट सांगायची. कोण कोण भेटले, गोलरक्षकाने दाढी कशी केली आहे, चहा कसा होता, पोस्टातल्या बाईच्या सुनेला जुळे झाले. गोल किती झाले हे विचारावे लागे. विचारले की म्हणायची, "हां, हरलो. पण उजेड किती छान होता." मी चिडायचो. आता वाटते, मी तिला आठ वर्षे नुसते आकडे दिले होते.

ती ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, गुरुवारी, गेली. ट्रेवर अंत्यविधीला मागच्या बाकावर बसला होता. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवली.

मार्चमध्ये मी तिचे हंगामाचे तिकीट परत करायला तिथे गेलो. शपथ आत पाऊल न ठेवण्याची होती, तिकीट खिडकीची नव्हती. खिडकीतल्या मुलीने सांगितले की उरलेले सामने पाहून घ्या, व्हीलचेअरच्या जागेशेजारची साथीदाराची खुर्ची तुमच्याच नावावर आहे. माझ्या नावावर कशी, ते मला कळेना. मी लिफ्टने वर गेलो. लिफ्ट चांगली होती. पाइपांचे काम गचाळ होते. दारावरच्या माणसाला नाव सांगितले.

तो म्हणाला, "तुम्ही नॉर्मन ऑल्ड्रॉइड नाही. मी त्यांना ओळखतो. उंच, मिशीवाले. दर सामन्याला बायकोला घेऊन येतात."

मला बसचा पास काढून दाखवावा लागला. पासावरचा फोटो आणि माझे तोंड त्याने तीनदा पडताळून पाहिले. मग मला त्या खुर्चीत बसू दिले. शेजारची जागा रिकामी होती. पहिला अर्धा खेळ मी काय पाहिला, मला सांगता येणार नाही.

तिथून सरळ ट्रेवरच्या दारी गेलो आणि हा काय प्रकार म्हणून जाब विचारला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "अर्ज तिनं भरला होता. साथीदार म्हणून तुझं नाव घातलं. म्हणाली, येईल कधीतरी, तेव्हा पुन्हा कागद करायला नकोत. मग दारावरचा माणूस दर वेळी 'मिस्टर ऑल्ड्रॉइड ना?' म्हणून विचारायचा, आणि मी हो म्हणायचो. काय करणार होतो?"

"अडीच हंगाम?"

"तू आला असतास तर लवकर सुटलो असतो," तो म्हणाला. "आता आत येतोस का? थंडी येतेय घरात."

मी आत गेलो. सभेत म्हटलेला शब्द मी परत घेतला नाही, कारण त्याने मागितला नाही; तो इथे लेखी परत घेत आहे. मी गेल्यावर त्याने यापुढे कुठेही स्वतःच्याच नावाला हो म्हणावे.

कलम ६. बँकेतील शिल्लक रकमेपैकी निम्मी जॅनिसला. उरलेली निम्मी खालील एकाच कामासाठी. नव्या स्टेडियममधील व्हीलचेअरच्या सज्जाची पश्चिमेकडची बाजू उघडी आहे. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, हे हेदरशॉतल्या मांजरालाही माहीत आहे. फक्त नकाशा काढणाऱ्याला माहीत नव्हते. मी क्लबला अकरा पत्रे लिहिली. उत्तर थर्मोजॉयच्या ग्राहक-आनंद विभागाकडून आले आणि सोबत नव्या बॉयलरवर दहा टक्के सूट आली. म्हणून तिथे जाड काचेची आडभिंत बसवावी. मापे जॅनिसकडे आहेत. मी स्वतः घेतली आहेत. गिलियनने काम पाहावे, म्हणजे सळया नीट बसतील.

त्या काचेवर कोणाचेही नाव घालू नये. कंपनीचे नाही, फेअरब्रदरचे नाही, माझे नाही. मॉरीनचेही नाही. तिला आत यायचे होते, भिंतीवर नव्हे.

कलम ७. मला मॉरीनशेजारी पुरावे. अंत्यविधीला क्लबचा सदरा घालून आले तरी चालेल. निम्म्या लोकांकडे आता नवाच सदरा असणार, त्याला माझा इलाज नाही. त्यांनी वरून कोट घालावा आणि चर्चमध्ये बटणे लावून ठेवावीत.

सही करण्यापूर्वी माझ्या हाताने वाढवलेला मजकूर: आज वकीलबाईंच्या कचेरीत मला ट्रेवरनेच गाडीतून आणले. साक्षीदार म्हणून मीच सही करतो असे म्हणून त्याने खिशातून पेनही काढले. मिस ग्रीनवुड म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. त्याने पेन बंद केले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "मग मी गाडीत बसतो. तुझं होऊ दे सावकाश." तो अजून खालीच आहे. गाडी चुकीच्या जागी लावली आहे, पण मी काही बोलणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत, दोघेही एकाच वेळी हजर असताना, मी सही केली.

सही: नॉर्मन अर्नेस्ट ऑल्ड्रॉइड

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी तरीही सगळे ऐकून घेतले:

१. शाहिदा मलिक, निवृत्त परिचारिका, २९ क्विल्टर स्ट्रीट, हेदरशॉ
२. कॉलिन बॅराक्लफ, मासळी व बटाट्याच्या तळणाचे दुकान, डायर्स लेन, हेदरशॉ

ठिकाण: हेदरशॉ
दिनांक: १९ ऑक्टोबर २०१७