निर्ण्यातली कोप शेळ्यांनी खाल्ली

तीर्थस्वरूप शैलश्रीअक्कास,

तुझ्या धाकट्या काशप्पाचे शरणु शरणार्थी. पुण्याचे जिने तुझे गुडघे चढू देतात का? इथे निर्ण्यात मी, तुझी भावजय सुधारानी आणि किराणा दुकान असे तिघेही बरे आहोत. त्यातल्या त्यात दुकान फार स्वस्थ आहे, कारण या मंदीत गिऱ्हाईक त्याला त्रास देत नाही. बसवप्रभूची नोकरी गेल्याचे वाचून जीव कळवळला. लेकाला उभे करायला तू आपल्या वाटणीचे रान विकायचे म्हणतेस आणि माझा होकार मागतेस. त्याचे उत्तर देतोच, पण आधी वेळअमावस्येला रानातल्या पूजेत काय झाले ते ऐक. (जमिनीच्या बोलण्याला घाई करू नये, असे अप्पा म्हणत. जेवणाचेही तेच म्हणत, पण पाटावर सगळ्यांआधी बसत.)

मंदीत नुसते कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा गावाने काहीतरी करावे, म्हणून आम्ही मठात बैठक घेतली. ठराव झाला, की यंदाच्या वेळअमावस्येला सगळ्या गावाने एकत्र जेवायचे आणि ताटात गावच्या रानात पिकले तेवढेच वाढायचे. आपला शेतकरी आपणच जगवायचा! टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणून मला निवडले. (बाहेरचा माल विकणाऱ्यालाच अध्यक्ष केला म्हणजे तो गप्प बसेल, असा हिशेब असावा.) दुसऱ्या दिवशी सामान गोळा करायला निघालो तेव्हा कळले, की गावात कुणाच्याही कणगीत ज्वारी नाही. एका घरात नाही, अक्का! सगळ्यांनी वर्षानुवर्षे सोयाबीन पेरले, ते विकले आणि भाकरीला पीठ आणले माझ्या दुकानातून. ते पोते कुठून येते, हे मलाही पोत्यावर वाचल्याशिवाय सांगता येईना.

ज्वारी नाही म्हणजे आंबील नाही, आणि कडबा नाही म्हणजे पाच पांडवांच्या दगडांवर खोपटासारखी उभारायला कोप नाही. माघार घ्यावी तर अध्यक्षाचे नाक जाते. म्हणून कोप उसाच्या वाढ्यांची केली आणि आंबिलीला सोयाबीनचे पीठ घ्यायचे ठरवले. सुधारानी म्हणाली, "ठराव तुमचा, मंग सैपाक माझा कामून?" तरी तिने ताकात ते पीठ शिजवले. वास असा सुटला, की बैलांनीसुद्धा तोंड फिरवले. पूजेला आम्ही डोळे मिटून हात जोडले. उघडले तर पांडव उन्हात बसलेले आणि कोप लिंगम्माच्या शेळ्यांच्या पोटात. मी ओरडलो तर लिंगम्मा म्हणते, "माझ्यावर कामून चिडायलास, अण्णा? त्यांनी बी गावचंच खाल्लं की!" चहाही बाहेरचा म्हणून बंद होता, त्यामुळे निम्मी समिती माझ्या दुकानामागे लपून चहा पीत होती. (ओतत मीच होतो.)

भज्जी मात्र अस्सल झाली. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वाल, मेथी, सगळे बांधावरचे. पहिला घास घेतला आणि अक्का, जुन्या वेळअमावस्या डोळ्यांपुढे आल्या. तुला आठवते? अम्मा आंबिलीचा डेरा घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घ्यायची आणि रानात पोचेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. मागून आपण दोघे तिला हसवायला बघायचो. नैवेद्याआधीच तू बोटाने भज्जी चाटायचीस आणि नाव माझे सांगायचीस. अप्पा आंबील शिंपत रानाला वेढा घालत, तेव्हा ज्वारी त्यांच्या खांद्याच्या वर असे. ते दिसत नसत, नुसती आरोळी ऐकू येई. आता सोयाबीनच्या रानात हरवायचे म्हटले तर सशाला वाकून चालावे लागेल. त्या दिवसांची मला फार आठवण येते, अक्का. वय झाले म्हणून येते असे सुधारानी म्हणते. असेल.

असो. बसवप्रभूला आशीर्वाद. सुधारानीचा तुला नमस्कार.

तुझा,
काशप्पा

ता. क. जमीन विक. माझी हरकत नाही. लेकरापेक्षा रान मोठे नसते.

ता. क. फक्त एक सांगायचे राहिले. दरवर्षी तुझ्या वाटणीत मी सोयाबीन घेतो, पण यंदा दसऱ्याच्या सुमारास तुला न विचारता ज्वारी पेरली. सध्या पोटऱ्यात आहे, कणीस अजून बाहेर पडायचे आहे. कोपीसाठी ती कापून द्या म्हणून गाव मागे लागले होते, मी हात लावू दिला नाही. उभ्या पिकाचे रान विकू नये, एवढे गिऱ्हाईकाला सांग आणि सुगीपर्यंत थांबव.

ता. क. काढणीला माणूस मिळत नाही, म्हणून बसवप्रभूला पाठव. मला काढणी येत नाही म्हणेल. इथेही आता फार कुणाला येत नाही म्हणावे, मामा शिकवील. सुगी झाल्यावरही त्याला रान विकावेसे वाटले तर मी मुकाट्याने सही करीन.

ता. क. आणि तूही ये. आंबील बिघडली म्हणून माझ्यावर रागावणारे माणूस आता तू एकटीच उरलीस.