दारातून न दिसणारा कोपरा

कांदिवली, रविवार, नोव्हेंबर १९८५

आज मेहुणा जेवायला आला आणि दारातूनच म्हणाला, "भावजी, खोली वाकडी घेतलीत. तो आतला भाग कपाट ठोकून बंद करा, म्हणजे सरळ चौकोन होईल. उद्या सुतार पाठवतो."

वाकडी म्हणे! भूमिती मी पुस्तकं विकत घेऊन स्वतः शिकलोय, कोणा मास्तरापुढे बसून नाही. सहा भिंतींची ही खोली म्हणजे अंतर्वक्र षटकोन. एक कोन दोनशे सत्तर अंशांचा, मी स्वतः मोजलाय. चौकोनी खोली बहिर्वक्र. तिथे कुठेही बसा, सगळे सगळ्यांना दिसतात. इथे खोली काटकोनात आत वळते, म्हणून तो आतला कोपरा दारातून दिसत नाही. एका खोलीत आम्ही पाच माणसं, आणि असा कोपरा बुजवायचा? का म्हणून?

हे सगळं समजावलं तर हसायला लागला. "भूमिती राहू द्या हो, ताईलाच विचारू." पण ताई कुठे दिसेना. शेवटी त्याने हाक मारली.

त्या कोपऱ्यातून बायकोचा आवाज आला, "इथंच आहे रे, जरा पाठ टेकलीय. आणि सुतार नको पाठवू."

तरी उद्या आलाच सुतार, तर त्याला चहा पाजीन. त्याच कोपऱ्यात बसवून.